खत फेकायचे की पुरायचे?

मेसच्या भाताला आपण रोज नावे ठेवतो. पण तो पिकतो कसा, असे विचारले तर निम्मे हॉस्टेल गप्प बसेल. मी मालवण तालुक्यातली. आमच्याकडे पावसाळ्यात शेती म्हणजे भातच. लावणी झाली की चिखलात युरिया मूठमूठ फेकायचा, ही जुनी रीत. मग आजीचे ठरलेले वाक्य, "पाऊस इलो, खत व्हावान गेला!"

आजीचे म्हणणे बरोबर आहे, पण अर्धेच. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मि.मी.च्या वर पाऊस पडतो, त्यात काही खत वाहून जाते. पण बरेचसे चक्क आकाशात जाते! युरियात ४६ टक्के नत्र असते. पाण्यात विरघळल्यावर त्याचा अमोनिया होतो आणि उडून जातो. चिखलाच्या अगदी वरच्या पातळ थरात ऑक्सिजन असतो, तिथे उरलेल्या नत्राचे नायट्रेट होते. ते खाली उतरले की जिवाणू त्याचे वायू करतात. त्यातला एक नायट्रस ऑक्साइड. तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट भारी! फेकलेल्या युरियातले निम्म्याहून जास्त नत्र रोपाला मिळतच नाही.

यावर डॉ. ना. कृ. सावंत यांनी चारसूत्री भातशेती सांगितली. सूत्रे अशी: भाताच्या तुसाची राख व पेंढ्याचा वापर, गिरीपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या. रोपे १५ आणि २५ सें.मी. अशा आलटून-पालटून अंतरावर लावायची. चार रोपांच्या छोट्या चौकोनात मधोमध एक गोळी, ७ ते १० सें.मी. खोल. तिथे ऑक्सिजन नाही, त्यामुळे नत्र अमोनियम रूपात मातीला धरून राहते आणि मुळे ते हळूहळू घेतात. बांगलादेशात याला गुटी युरिया म्हणतात. तिथे युरिया साधारण एक तृतीयांश कमी लागून उत्पन्न १५ ते २० टक्के वाढल्याचा अनुभव आहे.

अर्थात ही जादूची गोळी नाही. पाणी झरझर मुरणाऱ्या रेताड जमिनीत खोल घातलेले नत्रही निसटते. आणि साचलेल्या पाण्यातून निघणारा मिथेन हा मुख्यतः पाण्याच्या नियोजनाचा प्रश्न आहे, तो गोळीने सुटत नाही.

मग सगळे ही पद्धत का वापरत नाहीत? थोडे गणित करू. एका गोळीच्या वाट्याला ४० बाय ४० सें.मी. जागा. म्हणजे गुंठ्याला सुमारे ६३२ गोळ्या, हेक्टरला ६२,५००! वजन म्हणाल तर प्रत्येकी २.७ ग्रॅमप्रमाणे हेक्टरी जेमतेम १७० किलो. पण प्रत्येक गोळीसाठी कुणीतरी वाकायचे, तेही भर पावसात. गावातली तरुण मंडळी मुंबईला, वाकणार कोण? बहुतेक घरी आई, काकी आणि साठी ओलांडलेली आजी. युरिया सरकारी अनुदानामुळे स्वस्त, त्यामुळे फेकणे सोपे वाटते. कंबरेला मात्र सबसिडी नाही!

गोळ्या पेरणारी हातयंत्रे निघाली आहेत. पण आमचे कुणगे छोटे, वेडेवाकडे. चिखल चिकटतो, ओल्या गोळ्या नळीत अडकतात. मेकॅनिकलवाल्यांनो, फायनल इयरला प्रोजेक्ट शोधताय ना? चिखलात न अडकणारे, एका बाईला उचलता येईल असे, उभ्याने चालवायचे यंत्र करा. टेस्टिंगला आमचे कुणगे आहेतच.