डुकरांना अडवा, पण तारेत वीज सोडू नका

मंडळी, परसातले रताळ्याचे वाफे रानडुकरांनी रातोरात उकरले की जीव जळतो, हे मान्य. म्हणून कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडायची? तो गुन्हा आहेच, शिवाय पहाटे गुरं शोधायला आलेला शेजारीच तिथं चिकटायचा. डुक्कर खालून मुसंडी मारतं. तेव्हा जाळी फूटभर जमिनीत गाडा, नाहीतर दगडी गडगा घाला. जुन्या साड्यांचं कुंपणही चालतं, पण थोडेच दिवस, जनावर सरावतं. गळलेले फणस, खरकटं परसात ठेवू नका, ती वासावरच येतात. पिकाचं नुकसान झालंच तर उकरलेलं बुजवू नका, आधी वनरक्षकाला कळवा. गावच्या अधिकाऱ्यांनीही पंचनाम्याला त्याच दिवशी यावं. पावसात खुणा राहत नाहीत.