जुनी लाल, ताजी पांढरी : वाइन कशी पारखावी

गडचिरोली जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी आहे. इथल्या कुणाला वाइनची पारख शिकायची, तर त्याने नाशिकची वाट धरावी. तिथल्या वायनरींमध्ये चव घेण्यासाठी खास दालने असतात.

सोव्हिन्यॉ ब्लाँ या पांढऱ्या वाइनची एक ताजी बाटली आणि एकाच वायनरीच्या शिराझ या लाल वाइनच्या दोन बाटल्या घ्याव्यात, एक नवी आणि एक बरीच जुनी. द्राक्षाची जात तीच राहिली की फरक मुख्यतः वयाचा उरतो. जुनी बाटली आदल्या दिवशीच उभी ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो.

पांढरी ८ ते १० अंशांवर आणि लाल १६ ते १८ अंशांवर असावी. नाशिकच्या उन्हाळ्यात लालही थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी लागते. सुरुवात पांढरीपासून करावी. तुरट लालनंतर ती फिकी लागते.

आधी रंग पाहावा. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरावा. नव्या शिराझची कड जांभळी दिसते, जुनीची विटकरी. लाल वाइन सालींसकट आंबवतात. सालींतून रंग येतो आणि टॅनिन हा तुरट घटकही. बाटलीत वर्षानुवर्षे हे दोन्ही एकमेकांत गुंफत जातात आणि काही भाग गाळ होऊन खाली बसतो. म्हणून लाल वाइन वयाबरोबर फिकटते. पांढरी मात्र उलट गडद, सोनेरी होत जाते.

मग वास. पेला आधी न हलवता हुंगावा, नंतर गोल फिरवून. सोव्हिन्यॉत लिंबू, पेरू, कापलेले गवत जाणवते. नव्या शिराझमध्ये काळी फळे आणि मिरी. जुनीत सुकी फळे, तंबाखू, चामडे. जुनीचा सुगंध हवेत लवकर उडतो, तेव्हा तिला फार थांबवू नये. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर दोष बुचाचा समजावा.

शेवटी चव. घोट तोंडभर फिरवावा. लाळ सुटली तर तो आंबटपणा. हिरड्या कोरड्या पडल्या तर ते टॅनिन. जुनीत टॅनिन मऊ झालेले असते. घोट थुंकून टाकावा, पारखी तेच करतात. मग चव किती वेळ रेंगाळते ते पाहावे.

वय हा गुण नव्हे. बहुतेक वाइन थोड्या वर्षांतच प्यायच्या असतात आणि सोव्हिन्यॉची खरी गोडी ताजेपणात आहे. जुनीत फळाची चव शिल्लक असेल, तरच ती मुरली म्हणावी. नुसता आंबटपणा उरला असेल, तर तिची वेळ टळून गेली.