गच्चीवरील उल्कादर्शन

लोणारच्या सरोवराची यात्रा आपल्यापैकीं पुष्कळांनीं केली असेल. गांवांतील दैत्यसूदनाचें देऊळ लवणासुराच्या वधाची आठवण देतें. शास्त्रज्ञ सांगतात कीं, सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचा हा खळगा आकाशांतून आलेल्या पाषाणाच्या आघातानें काळ्या कातळांत पडला. तो आघात सुमारें ५०,००० वर्षांपूर्वींचा, असें पूर्वीं मानीत. अलीकडच्या मापनानें तो काळ ५ लाख ७० हजार वर्षांपर्यंत मागें गेला आहे. पाहून लिहून ठेवणारा त्या वेळीं कोणी नव्हता. आज आकाशांत कांहीं पेटून गेलें, तर तें टिपून ठेवण्यास आपण आहों. पण आपण टिपतों काय?

‘तारा तुटला’ असें म्हणून वडील माणसें नजर खालीं वळवीत. वास्तविक तारा तुटत नाहीं. सूर्याभोंवतीं फिरणारे वाळूच्या कणाएवढे, फार तर हरभऱ्याएवढे खडे पृथ्वीच्या वातावरणांत शिरतात आणि शंभरेक किलोमीटर उंचीवर तापून उजळतात, ती उल्का. शुक्राहूनहि तेजस्वी दिसेल तो अग्निगोल. आपल्या पूर्वजांनींहि नुसतें भय बाळगलें नाहीं. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत अशा ज्योतींचे पांच प्रकार वर्णिले आहेत. फलिताचा भाग सोडला तरी पाहण्याची ती संवय आपण कां सोडावी?

ऑगस्टच्या १२-१३ तारखेचा ययाति तारकासमूहांतील वर्षाव आपल्याकडे बहुधा ढगांत बुडतो. वऱ्हाडास सोयीची रात्र १३-१४ डिसेंबरची. त्या रात्रीं पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांजवळून चहूंकडे उल्का फांकतांना दिसतात. १९८३ सालीं सांपडलेल्या फेथॉन नांवाच्या लघुग्रहाचे हे कण सेकंदास सुमारें ३५ किलोमीटर वेगानें येतात. हा वर्षाव तिथीस नव्हे, तारखेस बांधलेला. म्हणून चंद्रासाठीं पंचांग अवश्य पाहावें. शुद्ध अष्टमीच्या सुमारास चंद्र मध्यरात्रीं मावळतो व उत्तररात्र काळोखी मिळते. गच्चीवरील दिवे मालवून, सतरंज्या अंथरून, पांघरुणें घेऊन सर्वांनीं उताणें पडावें. अंधाराला डोळे सरावण्यास अर्धा तास लागतो, तोंवर हातांतील भ्रमणध्वनि कोणींहि उघडूं नये. दुर्बिणीची गरज नाहीं. रात्रीं दोनच्या सुमारास पुनर्वसू जवळजवळ डोक्यावर येतात. तीच उत्तम वेळ.

अग्निगोल मात्र वेळ सांगून येत नाहीं. २२ मे २०१२ रोजीं भर दुपारीं नागपूर जिल्ह्यांतील काटोल परिसरांत गडगडाट होऊन दगड पडले; ते गोळा झाले म्हणून त्यांचा अभ्यास झाला. उलट २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या संध्याकाळीं, विदर्भावरून सावकाश जाणाऱ्या ज्वालांच्या माळेस अनेकांनीं उल्कापात म्हटलें. पुढें चंद्रपूर जिल्ह्यांत धातूचें मोठें कडें व गोळे सांपडले. तो चिनी अग्निबाणाचा अवशेष होता, असें तज्ज्ञांनीं ठरविलें. दोहोंतील फरक घरबसल्या ओळखतां येतो. उल्का सेकंदास ११ ते ७२ किलोमीटर वेगानें येते व बहुधा कांहीं सेकंदांतच विझते. कक्षेंतून घसरणारा अवशेष याहून मंद असतो, आणि त्याचा खेळ मिनिटभर किंवा अधिकहि चालतो.

म्हणून अग्निगोल दिसतांच ओरडत धांवूं नये; मनांत आंकडे मोजावे. किती सेकंद दिसला, कोणत्या ताऱ्यापासून निघून कोठें विझला, रंग कोणता, तुकडे झाले काय, हें लगेच वहींत लिहावें. हात ताठ पुढें केल्यास मूठ सुमारें १० अंश झांकते. क्षितिजापासून उंची तशी मोजावी. विझल्यावरहि पांच मिनिटें कान द्यावा, कारण आवाजास एक किलोमीटर येण्यास तीन सेकंद लागतात. मेहकरास एकानें व खामगांवास दुसऱ्यानें असें लिहिलें, तर दोन दिशांच्या रेषांवरून त्याचा मार्ग व दगड पडण्याची जागा काढतां येते. एकट्याच्या नोंदीनें तें होत नाहीं.

घरोघरीं जमाखर्चाच्या वह्या असतात. त्यांतच आकाशासाठीं एक पान राखावें, तारीख आजोबांनीं घालावी व आंकडे नातवंडांनीं मोजावे. पुढच्या अग्निगोलाची हकीकत सांगणारा कोणी नव्हता, असें आपल्या जिल्ह्याविषयीं पुन्हां म्हणण्याची पाळी येऊं नये.