गोदाकांठची सपाट वाट

आपल्या घरांतून सहलीचा विषय निघाला कीं डोळ्यांपुढें येतो तो गड, घाट अथवा समुद्र. उंच चढावें, खालीं पाहावें, डबा सोडावा आणि परतावें, असा क्रम ठरलेला. जेथें चढण्यासारखें कांहींच नाहीं, तेथें पायीं हिंडण्यांत काय स्वारस्य, असें पुष्कळांस वाटतें. मलाही वाटत असे. साठीनंतर गुडघ्यांनीं गड वर्ज्य केले, तेव्हां नाइलाजानें सपाटीकडे वळलों. आतां पौष-माघांत एकदां तरी नांदूर मध्यमेश्वराचा नदीकांठ तुडविल्यावांचून हिंवाळा पुरा झालासा वाटत नाहीं.

हें स्थान नाशिक जिल्ह्यांतील निफाड तालुक्यांत, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशीं आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं, इंग्रजी राजवटींत, येथें दगडी बंधारा घालून पाणी अडविलें, आणि डाव्या-उजव्या कालव्यांनीं तें कोपरगांव-राहात्याच्या कोरड्या मुलुखाकडे नेलें. हेतु निव्वळ शेतीचा होता. परंतु अडलेलें पाणी संथ होतें, आणि संथ पाणी आपल्या अंगावरचा गाळ खालीं ठेवतें. दर पावसाळ्याला थोडा थोडा गाळ सांचत गेला; त्याचीं बेटें झालीं, उथळ पाणथळी झाल्या, त्यांत पाणकणीस आणि लव्हाळे माजले, आणि मागोमाग पांखरें आलीं. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनीं या जागेस महाराष्ट्राचें भरतपूर म्हटलें. १९८६ सालीं येथें अभयारण्य झालें. पाणथळ प्रदेशांच्या रक्षणासाठीं १९७१ सालीं इराणांतील रामसर येथें राष्ट्रांराष्ट्रांत जो करार झाला, त्याच्या यादींत महाराष्ट्रांतून पहिलें नांव २०२० सालीं लागलें तें याच जागेचें.

वाट म्हणावी तर ती अगदीं साधी. एका हातास पाणी, दुसऱ्या हातास ऊस, कांदा आणि द्राक्षांचे मळे; मधून बांधावरची पायवाट. निफाडची थंडी सर्वश्रुत आहे. कडाक्याच्या पहांटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटलेल्या दिसतात. त्या माणसांसाठीं नव्हेत, वेलींना ऊब मिळावी म्हणून. गडावरून सारें एका दृष्टिक्षेपांत दिसतें. येथें मात्र शंभर पावलें चालल्यावांचून पुढचें वळण उलगडत नाहीं. लव्हाळ्यांतून जांभळी पाणकोंबडी निघते. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या उथळ पाण्यांत मोजून पावलें टाकतो. काळ्या अंगाच्या आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या एका पाणपक्ष्यास आपल्या लोकांनीं ‘वारकरी’ म्हटलें आहे. त्यांचा थवा पाण्यावर पाहिला कीं नांव ठेवणाऱ्याच्या रसिकतेस हात जोडावेसे वाटतात. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंबही येथें भेटतो.

आतां एक कबुली देतों. मीं तीस वर्षें संस्कृत शिकविलें. रात्र पडतांच चक्रवाकाच्या जोडप्याची ताटातूट होते, एक या तीरावर आणि दुसरें त्या तीरावर विलाप करतें, हा कविसंकेत किती वर्गांना समजावून दिला असेन! परंतु चक्रवाक मीं स्वतः कधीं पाहिला नव्हता. तो मला दाखविला माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानें. संस्कृतांत त्याला कधीं पस्तिसावर गुण मिळाले नाहींत; आज तो याच नदीच्या वरच्या अंगास शेती करतो. “गुरुजी, तीं पाहा तांबूस बदकें. गळ्यांत काळा गोफ आहे तो नर,” तो म्हणाला. तिबेट-लडाखकडून आलेलें तें जोडपें जवळजवळ बसलें होतें. विरहाचा मागमूसही नव्हता! केशरी तांबड्या रंगाचीं तीं दोन पांखरें पाहतांना माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनांत काय राहून गेलें होतें, तें मला कळलें.

मीं उत्साहानें म्हणालों, “अरे, ही सारी त्या गाळाची कृपा!” तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “गुरुजी, तुमच्या चक्रवाकाला गाळ हवा, माझ्या कांद्याला नको. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतो ना? पाणी घरांत आलें तेव्हां आईला खांद्यावर घेऊन निघालों. गाळानें पात्र वर आलें आहे. तो काढा म्हणून आम्ही ओरडतों, तर लोक म्हणतात पांखरें जातील.”

यावर काय बोलावें तें मला सुचेना. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. बंधाऱ्याच्या पोटांत जितका गाळ, तितकी पाण्याला जागा कमी, हें बालगणित आहे. आणि समोरचीं पांखरेंही खोटीं नव्हतीं. मीं भीत भीत विचारलें, “मग तुला तीं नकोशीं झालीं असतील?” तो हंसला. “तसें नाहीं. दिवाळी सरली कीं मीच त्यांची वाट पाहतों. पण आमचा विचार न करतां कोणी नुसतीं पांखरें मोजूं नयेत, एवढेंच.”

कोठला गाळ काढावा, कोठला राखावा, पुराचें पाणी केव्हां आणि किती सोडावें, हे जाणत्या स्थापत्यशास्त्रज्ञांनीं आणि पक्षिशास्त्रज्ञांनीं एकत्र बसून सोडवावयाचे प्रश्न आहेत. माझ्यासारख्या शाळामास्तरानें त्यांवर निवाडा देऊं नये. पण एवढें खात्रीनें सांगतों: मोटारींतून थेट मनोऱ्यापाशीं उतरून, दुर्बिणीनें पांखरें पाहून मी परतलों असतों, तर हा प्रश्न आहे हेंच मला कळलें नसतें. बांधावरून पायीं चालतांना पांखरूं आणि शेतकरी दोघेही वाटेंत भेटतात. सपाट वाटेचें खरें मोल मला यांत दिसतें.

तेव्हां वाचकहो, या हिंवाळ्यांत घरांतील मुलांना आणि चालूं शकणाऱ्या वडील मंडळींना घेऊन एकदां अवश्य जा. निफाड स्थानकापासून हें ठिकाण दहा-बारा किलोमीटरांवर आहे. चापडगांवच्या बाजूस पक्षी पाहण्यासाठीं मनोरे बांधले आहेत. सूर्योदयापूर्वीं पोंचावें, भडक वस्त्रें नेसूं नयेत, मोठ्यानें बोलूं नये, खाण्याचे कागद तेथें टाकूं नयेत. मुलांच्या हातीं पांखरांचीं नांवें टिपण्यास वही द्यावी. आणि वाटेंत कोणी शेतांत काम करतांना दिसला, तर रामराम करून त्याच्या घरीं गेल्या पुरांत पाणी कोठवर आलें होतें, हेंही मुलांना विचारूं द्यावें. तें उत्तर त्याच वहींत, पांखरांच्या नांवांशेजारीं लिहून ठेवावें.