विहारातील शुश्रूषा

पिंपरी-चिंचवडकरांना लोणावळ्याची लोकल परिचयाची आहे. तिच्या वाटेवरील देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. याच मार्गावर पुढे मळवली स्थानक लागते. तेथून जवळच्या डोंगरात भाजे लेणी आहेत. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी येथे भिक्षुसंघाचे वास्तव्य सुरू झाले. चैत्यगृह सामूहिक वंदनेसाठी, तर दगडी ओटे असलेल्या लहान खोल्या निवासासाठी. पावसाळ्याचे तीन महिने भ्रमंती थांबवून भिक्षू एके ठिकाणी ध्यान व अध्ययन करीत. हाच वर्षावास.

भाजे येथे चौदा स्तूपांचा एक समूह आहे. त्यांतील काहींवर धम्मगिरी, संघदिन अशी दिवंगत भिक्षूंची नावे कोरलेली असून त्यांना ‘थेर’ म्हटले आहे. थेर म्हणजे ज्येष्ठ. संघात ज्येष्ठता वयावरून नव्हे, तर दीक्षेनंतरच्या वर्षावासांवरून मोजली जाई. आज हेटाळणीने उच्चारला जाणारा ‘थेरडा’ हा शब्दही मूळच्या ‘स्थविर’ या आदरवाचक शब्दातूनच आला आहे.

अशा संघातही आजारपण येई. विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला स्नान घातले आणि उचलून मंचकावर निजवले. मग संघाला बोलावून त्यांनी समजावले, की तुम्हाला आईवडील जवळ नाहीत. एकमेकांची शुश्रूषा तुम्हीच करायला हवी.

त्यानंतर सांगितलेले नियम आजच्या घरालाही लागू पडतात. शुश्रूषा करणाऱ्याला औषध देता यावे, पथ्यापथ्य कळावे, मलमूत्राची किळस वाटू नये, सेवेमागे लाभाची अपेक्षा नसावी आणि रुग्णाला धीर देता यावा. रुग्णाने पथ्य पाळावे, पथ्याचे अन्नही बेतानेच घ्यावे, औषध टाळू नये, वेदना सोसण्याची तयारी ठेवावी आणि दुखणे वाढले की उतरले, ते खरेखरे सांगावे. शुश्रूषा हाही अशा रीतीने विहारातील शिक्षणाचाच भाग होता.

आपल्या घरी वृद्ध रुग्ण असेल, तर त्यांच्या खोलीत जाण्यापूर्वी दोन मिनिटे स्वस्थ बसून येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्या. चिडलेले मन थोडे निवते आणि हातही हळुवार होतो. ज्येष्ठांनी मांडी घालण्याचा हट्ट धरू नये. पाठीला आधार देणारी खुर्चीही ध्यानाला चालते. ध्यान सुरू केले म्हणून औषधे मात्र बंद करू नयेत.

आणि आजी-आजोबा, मुलांना त्रास नको म्हणून ‘मी बरा आहे’ असे म्हणून दुखणे लपवू नका. आज सायंकाळी सुनेने वा मुलाने विचारले, तर सकाळपेक्षा दुखणे कमी आहे की अधिक, ते नीट सांगा. त्यांचे निम्मे काम त्यानेच सोपे होईल.