दोन भागांची किल्ली

मुलांनो, समजा तुमच्या शाळेत प्रत्येक इयत्तेचा एकच वर्ग आहे. सहावीत हजेरी क्रमांक १२ ची एक मुलगी आहे. सातवीतही १२ क्रमांकाचा एक मुलगा आहे. गुरुजींनी संगणकाला फक्त "१२ चे गुण दाखव" असे सांगितले, तर तो कोणाचे गुण दाखवील? एकाचे गुण दुसऱ्याच्या प्रगतिपुस्तकात जातील!

संगणकात माहिती तक्त्यांत ठेवतात. ही पद्धत एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. तक्त्यातील प्रत्येक ओळ ओळखण्यासाठी एक खूण लागते. तिला किल्ली म्हणतात. येथे इयत्ता आणि क्रमांक मिळून किल्ली होते. अशा किल्लीला संयुक्त किल्ली म्हणतात. तिचा एकही भाग रिकामा ठेवून चालत नाही.

जावा भाषेतील प्रोग्राम वस्तूंच्या रूपाने काम करतो. ओळीची वस्तू करून देण्याचे काम हायबरनेटसारखा दुभाष्या करतो. किल्ली संयुक्त असेल, तर तिचे दोन्ही भाग एका छोट्या वस्तूत भरून ती त्याच्या हाती द्यावी लागते. मग तो नेमकी ओळ आणतो.

मात्र एक काळजी घ्यावी. दोन किल्ल्यांतील इयत्ता व क्रमांक सारखेच असले, तरी जावा त्यांना वेगवेगळ्या वस्तू समजते. म्हणून "दोन्ही भाग जुळले की किल्ली एकच" हा नियम आपल्याला लिहून द्यावा लागतो.

आता सांगा पाहू: ग्रंथालयात एकाच पुस्तकाच्या तीन प्रती आहेत. प्रत्येक प्रत ओळखण्यासाठी किल्लीत काय काय हवे?