प्लग बसला म्हणजे बरोबर आहे का? जुन्या गाडीसाठी स्पार्क प्लग निवडताना काय बघायचं?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी गेली. पण खासगी पद्मिनी, अँबेसेडर, बीटल, मॉरिस मायनर आजही अनेकांनी जिवापाड जपल्या आहेत. अशी गाडी चालता चालता अडखळू लागली की पहिला संशय जातो स्पार्क प्लगवर. दुकानदार 'हा बसेल' म्हणत एक प्लग हातात ठेवतो. तो बसतोही. गडबड होते ती इथेच.

कारण प्लग स्वस्त असला, तरी चुकीच्या प्लगमुळे पिस्टनला भोक पडू शकतं. आणि जुन्या गाडीचा पिस्टन शोधणं म्हणजे महिन्यांचं काम.

आट्यांची लांबी

बहुतेक गाड्यांच्या प्लगचा व्यास १४ मिलिमीटर असतो. पण आट्यांची लांबी वेगवेगळी असते. बीटलच्या जुन्या इंजिनाला १२.७ मिलिमीटरचा प्लग लागतो, मॉरिस मायनरला १९ मिलिमीटरचा. आटे सारखेच असल्याने दोन्ही प्लग दोन्हीकडे फिरतात.

लांब प्लग आखूड भोकात गेला, तर त्याचे आटे आत उघडे राहतात. ते तापून लाल होतात, कधी पिस्टन किंवा व्हॉल्व्ह त्यांना आपटतो. आखूड प्लग लांब भोकात गेला, तर ठिणगी आत दडून पडते आणि हेडच्या रिकाम्या आट्यांत काजळी बसते. नंतर बरोबर प्लग लावताना तेच आटे खराब होतात.

प्लग गरम की थंड?

प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. त्याखाली काजळी जळत नाही आणि प्लग मिसफायर करतो. त्यावर गेलं, तर ठिणगी पडण्याआधीच तापलेल्या टोकामुळे पेट्रोल पेटतं. पिस्टनला भोक पडतं ते यामुळेच.

'गरम' प्लग जास्त जोरदार ठिणगी देतो, हा गैरसमज आहे. फरक फक्त उष्णता बाहेर जाण्याचा असतो. आतल्या चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णता हळू बाहेर जाते, तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर ती पटकन जाते, तो थंड प्लग.

खरी फसगत आकड्यांत आहे. एनजीकेमध्ये आकडा जितका मोठा, तितका प्लग थंड. बॉशच्या आजच्या कोडमध्ये नेमकं उलट, मोठा आकडा म्हणजे गरम. गंमत म्हणजे बॉशच्याच जुन्या कोडमध्ये मोठा आकडा थंड प्लगचा होता. बीटलचा जुना 'डब्ल्यू१४५टी१' आज 'डब्ल्यू८एसी' नावाने ओळखला जातो. त्यामुळे आकड्याला आकडा जुळवू नका. कंपनीचा तुलना तक्ता बघा.

गॅप आणि 'आर'

पॉइंटवर चालणाऱ्या जुन्या इग्निशनची ताकद आजच्या गाड्यांपेक्षा कमी असते. म्हणून गॅपही कमी लागतो, बहुतेक वेळा ०.६ ते ०.७ मिलिमीटर. नवा प्लग यापेक्षा जास्त गॅपचा असू शकतो, तेव्हा फिलर गेजने मोजूनच लावा.

कोडमधला 'आर' म्हणजे आत रेझिस्टर आहे. रेडिओची खरखर कमी करणं हे त्याचं काम. गाडीच्या प्लग कॅपमध्ये किंवा वायरमध्ये आधीच रेझिस्टर असेल, तर दोन्ही मिळून ठिणगी कमजोर होऊ शकते. पण पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल, तर किटच्या सूचना पाळा. तिथे 'आर' प्लग गरजेचा असू शकतो.

प्लगचा रंग काय सांगतो?

गाडी वीसेक किलोमीटर चालवा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि मग प्लग काढा. गरम अल्युमिनियम हेडमधून प्लग काढला तर आटे निघून येण्याची भीती असते.

- फिकट तपकिरी: सगळं ठीक.
- कोरडी काळी काजळी: पेट्रोल जास्त जातंय किंवा प्लग फार थंड आहे.
- तेलकट ओलेपणा: पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत.
- पांढराफटक, फोड आलेला: प्लग फार गरम आहे, टायमिंग चुकलंय किंवा पेट्रोल कमी जातंय. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये ई२० पेट्रोलमुळेही मिश्रण थोडं पातळ होतं.

म्हणजे दर वेळी दोष प्लगचाच असतो असं नाही. कार्ब्युरेटर आणि टायमिंग आधी तपासा. त्यानंतरही गरज पडली, तर गरम किंवा थंड बाजूला एकच पायरी सरका.

गाडी जुन्या मालकाकडून घेतली असेल, तर त्याने लावलेला प्लगही बरोबर असेलच असं नाही. मूळ पुस्तिकेतला कोड शोधा, तक्त्यात जुळवा आणि नवा प्लग पान्याने नाही, तर आधी हातानेच फिरवून बसवा.